एक लाख पॉइंट आणि एक शाउट

“तिकिटं काढलीस का?” ग्लेनिसने विचारलं.

“बघतोय,” नेव्हिल म्हणाला.

कर्स्टीने आपल्याला दिवस गेल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हापासून हे बघणं चालू होतं. कर्स्टी ही त्यांची एकुलती एक मुलगी, डार्विनच्या इस्पितळात नर्स. बाळ मार्चच्या सुरुवातीला यायचं होतं. मरे नदीकाठच्या टुलाबीहून डार्विनला जायचं म्हणजे आधी मेलबर्न गाठायचं आणि तिथून अख्खा देश खालून वर ओलांडायचा. ग्लेनिसला नातवंड पहिल्या महिन्यातच मांडीवर हवं होतं. फोनच्या पडद्यावर नको, मांडीवर. तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने तशा फारशा गोष्टी मागितल्या नव्हत्या, कारण नेव्हिल क्रॉपशी लग्न केलेल्या बाईला मागायची सवय राहत नाही.

नेव्हिल वाईट माणूस नव्हता. पाटबंधारे खात्यात पाण्याचे मीटर वाचण्यात त्याची हयात गेली, आणि तेवढ्या काळात दुसऱ्याचा एक सेंट त्याने ठेवून घेतला नाही. दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर तो भर उन्हात परत जाऊन देऊन येई. फक्त स्वतःचाही सेंट तो कधी सुटू देत नसे. पैसे भरलेली गोष्ट पूर्ण वसूल झाली पाहिजे, हा त्याचा धर्म होता. सिनेमा कितीही रटाळ असला तरी तो दिवे लागेपर्यंत बसून राही, कारण तिकीट दिवे लागेपर्यंतचं असतं. मोटेलातल्या साबणाची वडी घरी येई. चहाची एकच पिशवी दोन कपांत बुडे. बुफे जेवणाला जायचं असलं की आदल्या दिवशी घरात चूल पेटत नसे.

अशा माणसाच्या हाती नोव्हेंबरच्या सुरुवातीला बँकेचं पत्रक पडलं. नवं क्रेडिट कार्ड घ्या, तीन महिन्यांत त्यावर पाच हजार डॉलर खर्च करा आणि एक लाख पॉइंट मिळवा. पत्रकावर विमानाचं चित्र होतं.

“एक लाख पॉइंटांत दोघांचं डार्विन, जाऊन येऊन,” नेव्हिल म्हणाला. त्याने आठवडाभर हिशेब मांडला होता. “वर्षाची फी दोनशे पंच्याण्णव डॉलर. व्याज महाभयंकर आहे, पण आपण बिल वेळेवर भरणार, म्हणजे व्याज शून्य. तिकिटांचे चौदाशे वाचले, त्यातून फी वजा. परवडतं.”

“अरे, पण तिकिटंच काढ ना पैसे देऊन. संपलं!”

“पैसे देऊन कोणीही काढेल.”

“बरं, मग कार्ड घे आणि त्या कार्डावर तिकिटं काढ. खर्चही होईल, पॉइंटही मिळतील.”

“आणि मग पॉइंटांवर कुठे जायचं?” नेव्हिलने विचारलं. “आपल्याला डार्विनशिवाय कुठे जायचंय?”

ग्लेनिसने दाण्यांचं भांडं उचललं. ती कोंबड्यांना दाणे घालायला निघून गेली.

कार्ड आलं. काळं, चकचकीत, नेव्हिलच्या पाकिटातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा नवं. अडचण पहिल्याच महिन्यात लक्षात आली. पाच हजार डॉलर खर्च करायचे तर त्यासाठी खर्चिक माणूस लागतो. क्रॉपांच्या घरात अंडी घरची, टोमॅटो घरचे, लिंबं घरची, शेजाऱ्याला लिंबं देऊन मिळालेला मध घरचा. विजेचं बिल इतकं कमी यायचं की एकदा वीज कंपनीचा माणूस मीटर बिघडला की काय ते बघायला आला होता. नेव्हिलने पाव घेतला तरी कार्ड काढलं, पेट्रोल कार्डावर, कोंबड्यांचे दाणे कार्डावर. खाटकाने कार्डासाठी वरचे दीड टक्के मागितले तेव्हा मात्र तो अर्धा तास भांडला आणि शेवटी मांस न घेताच परत आला. महिन्याअखेर बेरीज झाली सहाशे अकरा.

“आपण इतकं कमी खर्च करतो?” तो हबकून म्हणाला.

“मी सांगत होतेच,” ग्लेनिस म्हणाली. “पण ते तू कौतुक म्हणून ऐकायचास.”

त्या रात्री नेव्हिलला युक्ती सुचली. आपला खर्च होत नाही ना, मग दुसऱ्यांचा करायचा. लोकांचं बिल आपण कार्डावर भरायचं, त्यांच्याकडून रोख घ्यायची. त्यांचं नुकसान नाही, आपल्याला पॉइंट. शुक्रवारी क्लबात सगळे जेवायला असतातच.

टुलाबीचा बोल्स क्लब म्हणजे पुढे गोळे घरंगळवायची हिरवळ आणि मागे बार. हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली मंडळी शिस्तीत खेळत आणि बारमध्ये त्याहून कडक शिस्त पाळत. ती शिस्त शाउटची. शाउट म्हणजे सगळ्यांच्या पेल्यांचे पैसे एकाने भरायचे, आज तू, उद्या मी. शाउटचे पैसे कोणी मागत नाही, कोणी परत देत नाही. ती फिटते ती शाउटनेच. त्या क्लबात माणसाने बायको सोडली तर लोक समजून घेत. शाउट चुकवली तर नाही. नेव्हिलची पाळी जवळ आली की त्याला हमखास बाथरूमला लागे. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती की तो उठला की क्लबचा अध्यक्ष रेक्स डूली मुकाट्याने आपलं पाकीट काढी.

त्या शुक्रवारी टेबलावर नऊजण होते. पार्मा खाऊन झाली, म्हणजे चीज घातलेली ती ताटाएवढी कोंबडी, आणि एकेक जण पैसे भरायला उठू लागला. नेव्हिल टुणकन उभा राहिला.

“बसा बसा. रांग कशाला लावताय?” तो म्हणाला आणि काउंटरकडे वळून ओरडला, “डॉट, सगळ्यांचं माझ्या कार्डावर घे.”

पुढचं वाक्य त्याने घरून पाठ करून आणलं होतं: ‘आणि तुम्ही आपापली रोख माझ्याकडे द्या.’ पण ते वाक्य बोलायची वेळ आलीच नाही. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. काउंटरमागच्या डॉटच्या हातातला पेला नळाखाली भरून वाहू लागला.

“काय म्हणालास?”

“सगळ्यांचं. माझ्या कार्डावर.”

डॉटने पेला खाली ठेवला आणि काउंटरवरची पितळी घंटा वाजवली. ही घंटा याआधी वाजली होती ती क्लबाने जिल्ह्याचा चषक जिंकला तेव्हा. “नेव्हिलची शाउट!” ती ओरडली. “अख्ख्या क्लबाला!”

खुर्च्या सरकल्या. कोपऱ्यातल्या टेबलावरचे लोक उठले, बाहेर सिगरेट ओढणारे आत आले, शौचालयातून एकजण पट्टा बांधत धावत आला. ज्यांच्याशी नेव्हिलचं कधी बोलणं नव्हतं असे लोक त्याच्या पाठीवर थापा मारून पेला उंचावत होते. रेक्सने तर त्याला मिठीच मारली. रेक्स सहा फुटी, गुरांचा व्यापारी, मिठी मारण्यातला नव्हे.

“गड्या,” रेक्स त्याला न सोडताच म्हणाला, “तीस वर्षं वाट बघितली रे.”

आता या माणसाकडे पार्माचे अठ्ठावीस डॉलर कसे मागायचे? नेव्हिलने कार्ड यंत्राला टेकवलं. यंत्राने आनंदाने टूं केलं.

“किती झाले?” घरी ग्लेनिसने विचारलं.

“चारशे ऐंशी.”

“आणि रोख किती मिळाली?”

नेव्हिलने खिशातून एक चॉकलेट काढून टेबलावर ठेवलं. डॉटने प्रेमाने दिलं होतं. ग्लेनिस आधी हसली, मग तिला रडू यायला लागलं, मग पुन्हा हसली. “नेव्हिल, पुरे कर. तिकिटं काढ.”

“आता?” नेव्हिल म्हणाला. “आता सोडलं तर ते चारशे ऐंशी वाया गेले. आता तर पॉइंट मिळवलेच पाहिजेत.”

इथून पुढे नेव्हिलचं गणित वेगळ्या रस्त्याला लागलं. आज ना उद्या करावाच लागेल असा जो जो खर्च, तो आत्ताच करून टाकायचा. चष्मा अकरा वर्षांचा होता, तो बदलला. दातांचं दुखणं लवंग धरून ढकलत आणलं होतं, ते काम करून घेतलं. मग तो दवाखान्यात हृदयाच्या तपासणीला गेला.

“तुम्हाला सगळं फुकट आहे, क्रॉपकाका,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “निवृत्तांना सरकार देतं.”

“फुकटातलं नको. पैसे पडतील असं काही आहे का?”

मुलीने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. “असे पैसे तर शहरातले मोठे डॉक्टर घेतात. पण ते गंभीर असेल तरच.”

“चालेल. गंभीर द्या.”

शहरातल्या मोठ्या डॉक्टरने त्याला धाववलं, तारा लावल्या आणि तुम्ही शंभर वर्षं जगाल असं सांगून भरपूर पैसे घेतले. नेव्हिल खूश झाला, ते पैशांमुळे. तरीही मुदत संपायला आठ दिवस उरले असताना दोन हजार कमी पडत होते. त्या दिवशी पोस्टातून येताना त्याची नजर ट्रेलोरच्या पाटीवर गेली. ट्रेलोर गावातले अंत्यविधी करायचा. पाटीवर लिहिलं होतं: ‘आजच्या दरात, उद्याची सोय. आगाऊ भरा.’

आजच्या दरात. नेव्हिल रस्त्यातच थांबला. हा खर्च टळणारा नव्हता आणि दर वर्षाला वाढणारा होता. तो आत शिरला.

ट्रेलोर हलक्या आवाजात बोलणारा माणूस होता. “कोणासाठी, नेव्हिल?”

“माझ्यासाठी.”

“अरेरे.” ट्रेलोरने खुर्ची पुढे सरकवली. “आणि... घाई आहे का?”

“हो ना. काही झालं तरी येत्या अठरा तारखेच्या आत व्हायला पाहिजे.”

ट्रेलोरने हातातलं पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत इतक्या शांतपणे तारीख सांगणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे आलं नव्हतं.

“डॉक्टरांनी सांगितलं?” त्याने विचारलं.

“छे, बँकेने,” नेव्हिल म्हणाला. पण तेवढ्यात त्याने लाकडाचे नमुने बघायला घेतले होते आणि त्याचं बोलणं शवपेटीच्या झाकणात गेलं. “यातलं साधं चालेल. पॉलिश कशाला? दिसणार कोणाला! दोन हजार आता घे, बाकीचे सावकाश देतो. आणि हे बघ, कार्ड चालतं ना?”

ट्रेलोर धंद्याला जागणारा माणूस. त्याने गावात अवाक्षर काढलं नाही. फक्त बायकोला सांगितलं, तेही कोणाला सांगू नकोस असं बजावून. त्याची बायको रेक्स डूलीची बहीण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिसने दार उघडलं तर पायरीवर झाकलेलं भांडं. आत मटणाचा रस्सा. दुपारी लाझान्या आला. संध्याकाळी आणखी एक लाझान्या आणि सफरचंदाचा केक. नेव्हिलला यात काही गैर वाटलं नाही. “शाउटची परतफेड असेल,” तो म्हणाला आणि दोन्ही लाझान्यांतला बरा कोणता ते ठरवायला बसला. शेजारच्या पोरांनी न सांगता अंगणातलं गवत कापलं. खाटीक स्वतः घरी येऊन सॉसेज देऊन गेला आणि जाता जाता म्हणाला, “दीड टक्क्याचं मनावर घेऊ नकोस रे. माणूस रागात बोलतो. माफ कर.”

तिसऱ्या दिवशी डॉट आली. तिने दारातच ग्लेनिसला कवेत घेतलं.

“बाई गं, कसं सोसतेस?”

“सोसतेय झालं, चव्वेचाळीस वर्षं,” ग्लेनिस म्हणाली. “पण आज काय विशेष?”

“अठरा तारीख म्हणे.”

“हो, अठराला मुदत संपते त्याची.”

डॉटने डोळ्यांना रुमाल लावला. “अशी नको बोलूस गं. मुदत काय म्हणतेस!”

“अगं, कार्डाची मुदत! तीन महिन्यांत पाच हजार खर्च करायचे, तरच पॉइंट मिळतात. म्हणून तर दात, चष्मा, ते हृदय...”

“हृदयच का शेवटी,” डॉट म्हणाली. “आणि तो ट्रेलोरकडे जाऊन पेटी पसंत करून आला, ते?”

“पेटी?” ग्लेनिस म्हणाली. पेटीचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग तिला हसू फुटलं. ती हसता हसता सांगत राहिली की नेव्हिल घोड्यासारखा ठणठणीत आहे, हे सगळं पॉइंटांसाठी चाललंय. ती जितकी हसली तितकी डॉट जोरात रडली. संध्याकाळी क्लबात डॉटने सांगितलं, की बिचारी ग्लेनिस अजून मानायलाच तयार नाही, वेड्यासारखी हसते आणि पॉइंट पॉइंट करते.

“मी आता कोणाला काही सांगणार नाही,” ग्लेनिसने त्या रात्री जाहीर केलं. “तू मर नाहीतर जग. पेटी बघायला जाताना मला तरी विचारायचंस!”

“तुझीही घेणार होतो,” नेव्हिल म्हणाला. “दोन घेतल्या तर दहा टक्के सूट होती. पण आपल्याला तेवढ्या खर्चाची गरज नव्हती.”

अठरा तारीख आली आणि गेली. नेव्हिल एकोणीसला सकाळी पाव आणायला बाहेर पडला तेव्हा रस्त्यावर दोघांनी टोप्या काढल्या. “जबरदस्त जिद्द आहे गड्या तुझी,” एकजण म्हणाला. ट्रेलोरने दुकानाच्या काचेतून पाहिलं आणि त्याला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

मार्चच्या चार तारखेला कर्स्टीला मुलगा झाला. फोनच्या पडद्यावर एक लालबुंद, सुरकुतलेला चेहरा दिसला आणि लगेच पडदा गोठला. कर्स्टीचा आवाज मात्र येत होता, आणि तो रडका होता.

“बाबा, तुम्ही जेवता ना नीट?”

“दोन-दोन लाझान्या रोज,” नेव्हिल म्हणाला. “नाव काय ठेवणार?”

“ते तुम्ही आल्यावर सांगेन. बाबा, लवकर या हो. वेळ नका घालवू.”

त्याच आठवड्यात एक लाख पॉइंट जमा झाले. नेव्हिलने नवा चष्मा लावला, हात धुतले आणि संगणकासमोर बसला. ग्लेनिस मागे खुर्ची घेऊन बसली. तिने बाळासाठी विणलेली पिवळी टोपी मांडीवर होती. पॉइंटांवरच्या जागा मार्चमध्ये नव्हत्या. एप्रिलमध्ये नव्हत्या. मे, जून, जुलै, सगळीकडे लाल फुल्या. ऑगस्टच्या शेवटी एक जागा होती. एकच. पहाटे चारला निघायचं, ॲडलेडला नऊ तास थांबायचं, ब्रिस्बेनला मुक्काम करायचा. वर कर वेगळा.

नेव्हिल वळला तेव्हा ग्लेनिस आवाज न करता रडत होती. तिने टोपी घडी करून पिशवीत ठेवली.

“ऑगस्टपर्यंत ही त्याच्या डोक्यात बसायची नाही,” ती म्हणाली. रागावली मात्र नाही. ती रागावली असती तर नेव्हिलला बरं वाटलं असतं.

तो रात्रभर जागा होता. घरात शिल्लक नव्हती. कार्डाचं बिल भरण्यात सगळी गेली होती. बँकेतली ठेव जूनपर्यंत बांधलेली, आधी मोडली तर तीन वर्षांचं व्याज बुडणार. नेव्हिलने आयुष्यात कधी ठेव मोडली नव्हती. आईच्या आजारपणातही नाही, कर्स्टीच्या लग्नातही नाही. पहाटे तो उठला, चहा केला, दोन कपांत दोन वेगळ्या पिशव्या घातल्या आणि एक कप ग्लेनिसच्या उशाशी ठेवला.

“गावातली बँक सोमवारीच उघडते, तेव्हा ठेव मोडतो,” तो म्हणाला. “मंगळवारी निघू.”

ग्लेनिसने कपातली पिशवी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिला क्षणभर शंका आली, की लोक म्हणतात त्यात काही तथ्य तर नसेल?

पण सोमवारच्या आधी शुक्रवार होता, आणि शुक्रवारी रेक्सने दोघांना क्लबात बोलावून घेतलं. आत पाऊल टाकताच नेव्हिलला वास आला: सॉसेज, कांदे आणि कट. अख्खं गाव जमलं होतं. भिंतीवर कागदी झिरमिळ्या होत्या. गेले दोन शुक्रवार क्लबातल्या मटणाच्या सोडतीच्या तिकिटांचे पैसे कोणासाठी साठवले जात होते, ते आता कळलं.

रेक्स घसा साफ करून उभा राहिला. “नेव्हिलला आपण तीस वर्षं कंजूष म्हणत आलो. मीही म्हटलं. सगळ्यात जास्त मीच म्हटलं. आणि शेवटी... म्हणजे वेळ आली तेव्हा त्याने काय केलं? सगळ्या क्लबाला शाउट दिली. ह्याला म्हणतात माणूस.” त्याने नाक शिंकरलं. “तर आपण सगळ्यांनी मिळून दोन तिकिटं काढलीत. डार्विनची. परवा सकाळची. जा, नातवाला बघून ये गड्या.”

टाळ्या थांबेनात. तिकिटांचं पाकीट ग्लेनिसच्या हातात आलं. नेव्हिलचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ते पाहून मागच्या रांगेत कोणीतरी “बघ, बघ,” असं हळहळलं.

त्याच्यासमोर आता दोन वाटा होत्या. गप्प बसलं की परवा डार्विन. तोंड उघडलं तर ग्लेनिसच्या हातातलं पाकीट जाणार. पण ते पैसे दुसऱ्यांचे होते, आणि दुसऱ्यांचा पैसा ठेवून घेणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याने ग्लेनिसकडे बघितलं. ग्लेनिसने पाकीट पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन ओढली, पर्स काखेत घट्ट धरली आणि म्हणाली, “हं. आता सांग त्यांना.”

“मला काही झालेलं नाही,” नेव्हिल म्हणाला.

“असंच म्हणतात सगळे,” डॉट हुंदका देत म्हणाली.

“अगं, खरंच नाही! डॉक्टर म्हणाला शंभर वर्षं जगशील. मी पॉइंट गोळा करत होतो. कार्डावर खर्च दाखवायचा होता, म्हणून दात केले, म्हणून पेटी घेतली. आणि त्या दिवशी तुमचं बिल भरलं ते...” इथे त्याचा आवाज खाली गेला, “ते मी तुमच्याकडून रोख घेणार होतो. तुम्ही बोलूच दिलं नाहीत.”

डॉटने डोळ्यांवरचा रुमाल खाली घेतला. माणूस मरणार नाही याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही असेल. पण त्याहून मोठी गोष्ट लोकांच्या आधी ध्यानात आली.

“म्हणजे,” डॉट सावकाश म्हणाली, “ती शाउट नव्हती?”

“नव्हती.”

“मी घंटा वाजवली होती रे!”

“पैसे ज्याचे त्याला परत करतो,” नेव्हिल म्हणाला. “सोमवारी ठेव मोडतोय. तिकिटं रद्द कर रेक्स, आणि लोकांचे पैसे देऊन टाक.”

सगळ्यांनी रेक्सकडे पाहिलं. रेक्स का कोण जाणे, छताकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“रद्द नाही होत ती,” तो म्हणाला. “बदलायची सोय नसलेली स्वस्तातली आहेत. आणि कटकट कशाला करायची? जा की.”

“पण जमवलेली रोख तर तुझ्याकडेच होती ना?” डॉटने विचारलं. “विमानाची तिकिटं कुठे रोखीत मिळतात? तू भरलेस कसे?”

“कार्डावर,” रेक्स म्हणाला.

“कुठल्या?”

रेक्सने खिशात हात घातला आणि नाइलाजाने ते बाहेर काढलं. काळं, चकचकीत. नेव्हिलने नवा चष्मा नीट बसवून बघितलं. तीच बँक होती.

“ग्लेनिस पॉइंट पॉइंट करते असं डॉट सांगत होती ना,” रेक्स पुटपुटला. “म्हटलं बघावं काय आहे ते. मलाही पाच हजार करायचेच होते. सगळ्यांची रोख मी घेतली आणि तिकिटं यावर काढली. लबाडी नाही केली हं, सेंट न् सेंट दिलाय.”

“किती पॉइंट मिळाले?” नेव्हिलने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आदर होता.

आधी डॉट हसली. मग ट्रेलोर हसला, ज्याला गावात कोणी हसताना पाहिलं नव्हतं. मग सगळा बार हसायला लागला आणि रेक्सला त्याच्या गाई-बैलांवरून आणि पॉइंटांवरून जे बोलून घेतलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हसणं ओसरल्यावर डॉटने काउंटरवर हात आपटला.

“ते सगळं ठीक आहे. पण नेव्हिलची तीस वर्षांची शाउट अजून बाकीच आहे.”

नेव्हिल उठला. सवयीने दहाबारा डोळे बाथरूमच्या दाराकडे वळले. तो काउंटरकडे गेला. डॉटने यंत्र पुढे केलं. नेव्हिलने ते बाजूला सारलं आणि खिशातून, प्रवासातल्या खर्चासाठी बाजूला ठेवलेल्या नोटा काढून मांडल्या.

“सगळ्यांना,” तो म्हणाला. “रोख.”

डॉटने घंटा वाजवायच्या आधी त्याच्याकडे नीट बघून खात्री करून घेतली.

डार्विनच्या विमानतळावर कर्स्टी बापाच्या गळ्यात पडली आणि सोडेना. “डॉटमावशीने फोनवर सगळं सांगितलं होतं,” ती रडत म्हणाली. “आणि परवा पुन्हा केला, की तसं काही नाही म्हणे! बाबा, तुम्हाला खरंच काही झालं नाहीये?”

“काही नाही. दातसुद्धा नवे आहेत.”

“मग आता काय करू? मी नाव नोंदवूनसुद्धा टाकलं. ऑस्कर ठेवणार होतो आम्ही. पण म्हटलं, बाबांच्या मागे त्यांची आठवण राहील.” तिने बाळ ग्लेनिसच्या हातात दिलं. “नेव्हिल ठेवलंय.”

ग्लेनिसने मिटक्या मारणाऱ्या त्या नेव्हिलला पिवळी टोपी घातली. बरोबर बसली. ती नुसती हसत होती, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून ते तसंच गालावर वाहत होतं.

संध्याकाळी घराच्या व्हरांड्यात पंख्याखाली तिने बाळ नेव्हिलच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसून विचारलं, “मग? परवडलं का कार्ड?”

नेव्हिल बोटांवर हिशेब करू लागला. “फी गेली. क्लबातले चारशे ऐंशी, ते शाउटमध्ये धरू, गेले. पॉइंट तर ऑगस्टपर्यंत कामाचे नाहीत. चष्मा वापरतोय, दात वापरतोय, ते वसूल होतायत.” तो थांबला. “ट्रेलोरचे दोन हजार तेवढे अडकलेत. अजून काहीच वसूल झालेलं नाही त्यातलं.”

“मग?”

बाळाने त्याचं हिशेबाचं बोट मुठीत धरलं होतं. नेव्हिलने ते सोडवायचा प्रयत्न केला नाही.

“राहू दे,” तो म्हणाला. “घाई नाही.”